नागपूरकर भोसल्यांचं राज्य एका शीटमध्ये: राज्यांच्या उदयास्ताचं पहिलं मॉडेल कसं उभारायचं

साम्राज्यं का वाढतात आणि का कोसळतात, हे गणितात बसवता येतं का? थोडंफार येतं. अरब इतिहासकार इब्न खल्दूननं १३७७ मध्ये राजघराण्याचा कस चार पिढ्यांत कसा उतरतो ते मांडलं, समाजशास्त्रज्ञ जॅक गोल्डस्टोननं १९९१ मध्ये लोकसंख्या, सरकारी तिजोरी आणि बंड यांची साखळी जोडून दाखवली, आणि २००३ पासून संशोधक पीटर टर्चिनमुळे या अभ्यासाला क्लिओडायनॅमिक्स हे नाव चिकटलं. नवखा माणूस हे वाचून थेट रोम किंवा मुघलांवर उडी घेतो आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतो. कारण साधं आहे. माहिती अफाट, नकाशे परस्परविरोधी आणि हाताशी मूळ कागद एकही नाही.

नागपुरात राहणाऱ्याला त्यापेक्षा सोपी वाट आहे. भोसल्यांचं राज्य आटोपशीर आहे, १७४३ ते १८५३ म्हणजे ११० वर्षांचं. तहांच्या तारखा पक्क्या आहेत आणि निम्मा भूगोल आपल्या पायाखालचा आहे. हा लेख त्या राज्याचं साधं चालतं मॉडेल उभारण्यापुरता आहे. एक्सेलमध्ये बेरीज आणि सूत्र खाली ओढणं येत असेल तर पुरे. कॅल्क्युलस नाही आलं तरी अडत नाही.

काय काय लागेल

- लॅपटॉप आणि लिब्रेऑफिस कॅल्क, एक्सेल किंवा गूगल शीट यांपैकी काहीही. पायथन येत असेल तर उत्तम, पण पहिलं मॉडेल शीटमध्येच करा. प्रत्येक वर्षाचा आकडा डोळ्यांसमोर राहतो.
- क्यूजीआयएस हे नकाशाचं फुकट सॉफ्टवेअर.
- जुन्या नकाशाची एक स्वच्छ स्कॅन प्रत. मोबाइलवर काढलेला तिरका फोटो चालत नाही, कडेला रेषा वाकतात.
- मूळ साधनं: नागपूर रेसिडेन्सीचे (नागपूर दरबारातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रतिनिधीच्या, म्हणजे रेसिडेंटच्या, कचेरीचे) छापील कागद, रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सचा १८२७ चा अहवाल, जिल्हा गॅझेटियर. विदर्भ संशोधन मंडळ, विद्यापीठाचं ग्रंथालय आणि पुराभिलेख खात्याची नागपूर शाखा ही विचारपूस करायची ठिकाणं. जाताना ओळखपत्राची झेरॉक्स, विषय लिहिलेला साधा अर्ज आणि विद्यार्थी असाल तर विभागप्रमुखांचं पत्र ठेवा. जुन्या कागदांजवळ पेन काढू नका, पेन्सिल न्या.
- दोन-तीन मोकळे रविवार.

मोडी येत नसेल तर घाबरू नका. पहिल्या मॉडेलला लागणारं जवळपास सगळं छापील मराठी-इंग्रजीत मिळतं.

१. आधी ठरवा: राज्य पडलं कधी?

ही पायरी सगळ्यात रटाळ वाटते आणि सगळ्यात जास्त मॉडेलं इथेच बिघडतात. सूत्र नंतर कितीही सुधारता येतं, पण मोजायचं काय हे चुकलं की पुढचं सगळं वाया.

नागपूरकर भोसल्यांचं राज्य कधी पडलं, याला निदान चार उत्तरं आहेत.

पहिलं, १८०३. असई आणि अडगावच्या लढाया हरल्यावर, गाविलगड पडल्यावर १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक-बालासोर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे. दुसरं, १८१७. २६ आणि २७ नोव्हेंबरची सीताबर्डीची लढाई आणि त्यानंतर राजे आप्पासाहेब भोसल्यांची शरणागती. तिसरं, १८१८. गादीवर तिसरे रघूजी बसले ते लहान वयात, आणि कारभार रेसिडेंटच्या हातात गेला. चौथं, ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी वारले. वारस नाही असं ठरवून डलहौसीनं पुढच्या वर्षी राज्य खालसा केलं.

जमीन मोजत असाल तर उत्तर पहिलं. लष्करी स्वातंत्र्य मोजत असाल तर दुसरं. तिजोरीवरची सही कोणाची हे मोजत असाल तर तिसरं, आणि गादी मोजत असाल तर चौथं. चारही बरोबर आहेत, पण एका आलेखात चारही घालता येत नाहीत.

या लेखात आपण जमीन आणि तिजोरी धरणार आहोत आणि मॉडेल १८१७ ला थांबवणार आहोत. १८५३ मुद्दाम बाहेर ठेवलं आहे. वारस नसणं आणि त्यावरून राज्य जप्त करणं हा कायद्याचा आणि मर्जीचा प्रकार आहे. लोकसंख्या आणि महसुलाच्या समीकरणातून तो निघणारच नाही. निघाला तर समजा की आपणच मागच्या दारानं तो आत घातला आहे.

ही व्याख्या शीटच्या पहिल्या पानावर दोन ओळींत लिहून ठेवा. महिन्याभरानं तुम्हीच ती विसरता आणि १८५४ पर्यंत रेघ ओढत नेता.

२. घटनांचा तक्ता

सहा स्तंभ करा: वर्ष, घटना, कोणता प्रदेश, ताब्याचा प्रकार, खात्री, कुठून घेतलं. सुरुवातीला हे पुरेल:

१७३९: देवगडचा गोंड राजा चांद सुलतान वारला, वारसाच्या भांडणात पहिल्या रघूजी भोसल्यांना बोलावणं.
१७४३: नागपूरचा कारभार रघूजींच्या हाती.
१७५१: अलीवर्दीखानाशी तह. सुवर्णरेखा नदीपर्यंत ओडिशा आणि बंगाल-बिहारच्या चौथाईचे वर्षाला १२ लाख रुपये.
१७५५: पहिले रघूजी वारले. त्यांचे मुलगे जानोजी आणि मुधोजी यांच्यात तेढ.
१७६९: पेशव्यांशी कनकापूरचा तह.
१७७२: जानोजी वारले.
१७७५: उमरेड रस्त्यावरच्या पाचगावला लढाई, साबाजी ठार, सत्ता मुधोजींकडे.
१७८८: मुधोजी वारले, दुसरे रघूजी स्वतः कारभार पाहू लागले.
१८०३: देवगावचा तह.
१८१६: दुसरे रघूजी वारले. त्याच वर्षी मे महिन्यात तैनाती फौजेचा करार.
१८१७: सीताबर्डी.

यातला 'ताब्याचा प्रकार' हा स्तंभ रिकामा सोडू नका. किमान चार खुणा ठेवा: थेट अंमल, मांडलिक जमीनदार, दुहेरी अंमल आणि नुसती चौथाई. बंगालची १२ लाखांची चौथाई म्हणजे बंगालवर राज्य नव्हे. ती तिजोरीच्या स्तंभात जाते, नकाशात नाही. वऱ्हाडात निजाम आणि भोसले दोघांचाही अंमल होता, महसूल वाटून घेतला जायचा. तो पूर्ण भोसल्यांचा रंगवला तर १८०३ ची घसरण फुगते आणि अजिबात धरला नाही तर ती नाहीशी होते. अर्धं वजन द्या, आणि ते दिलं आहे हे लिहा. छत्तीसगडातल्या जमीनदाऱ्यांचंही तेच.

खात्रीच्या स्तंभात तीनच शब्द पुरतात: पक्कं, बरं, अंदाज. तहाची तारीख पक्की असते. एखाद्या परगण्याचा वसूल बहुधा 'बरं' या रकान्यात जातो. १८७२ च्या आधीची कुठलीही लोकसंख्या 'अंदाज' मध्येच टाका, मग ती कितीही जाड पुस्तकात छापलेली असो.

सनांचा घोळ इथेच मिटवून टाका. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. शुहूर सनात ५९९ किंवा ६००. फसलीत दक्षिणेकडचा असेल तर साधारण ५९०, उत्तरेकडचा असेल तर ५९२ किंवा ५९३. कागदावर नुसतं 'फसली' लिहिलेलं असतं, कोणता ते नसतं. म्हणून त्याच कागदातली ओळखीची एखादी घटना शोधून पडताळा. दोन वर्षांची चूक क्षुल्लक वाटते, पण तहाच्या आधीचा वसूल तहानंतर पडला की घसरणीच्या जागी वाढ दिसते.

पैशांचंही तसंच. नागपुरी रुपया आणि कंपनीचा रुपया एक नव्हे. दोन्ही एका स्तंभात कालवू नका. कोणता रुपया ते कळत नसेल तर त्या ओळीच्या खात्रीत 'अंदाज' लिहा आणि पुढे चला.

३. नकाशावरून क्षेत्रफळ

स्कॅन केलेला नकाशा क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये उघडा आणि निदान सहा ते दहा ठिकाणं आजच्या नकाशाशी जुळवा. नागपूर, रामटेक, चांदा, रतनपूर, कटक, गाविलगड ही चांगली ठिकाणं आहेत. जागा हललेली नाही आणि एकमेकांपासून लांब आहेत. सगळे बिंदू नागपूरभोवती घेतले तर मध्य भाग झकास बसतो आणि ओडिशा समुद्रात सरकतो. नदीचं वळण बिंदू म्हणून टाळा, नद्या पात्र बदलतात. दोन नद्यांचा संगमही दुसरा पर्याय नसेल तेव्हाच घ्या.

मग प्रत्येक कालखंडाची सीमा गिरवा: १७४३, १७५१, १७७५, १८०३ च्या तहाआधी आणि तहानंतर. १८०३ नंतरची पश्चिम हद्द गिरवताना वर्धा नदी ही मुख्य रेघ. पण तहात गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले आणि त्यांच्याजवळचा थोडा मुलूख भोसल्यांना परत मिळाला होता. म्हणजे नदीच्या पलीकडे दोन बेटं उरतात. बहुतेक शालेय नकाशात ती नसतात. क्षेत्रफळात त्यानं मोठा फरक पडणार नाही, पण ती बेटं काढताना तहाचं कलम वाचावं लागतं, आणि मग आपोआप लक्षात येतं की सीमा ही रेघ नसून यादी असते.

इथला खरा सापळा प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायच्या पद्धतीचा आहे. क्यूजीआयएसमध्ये मागे इंटरनेटवरचा नेहमीचा नकाशा लावला की प्रकल्प वेब मर्केटरमध्ये जातो. त्यात सपाट मोजमाप केलं तर नागपूरच्या अक्षांशावर, म्हणजे २१ अंशांच्या जरा वर, क्षेत्रफळ जवळजवळ १५ टक्क्यांनी फुगतं. पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारं यूटीएम घ्यावं तर नागपूर ४४ व्या पट्ट्यात येतं आणि कटक ४५ व्या. म्हणून दोन्ही सोडा आणि समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ न बिघडवणारं, प्रक्षेपण घ्या, भारतासाठी अल्बर्स चांगलं. जुन्या अहवालातले चौरस मैल २.५९ नं गुणून चौरस किलोमीटर करा.

आकड्यांची ऐपत कळावी म्हणून एक मापकाठी: राइन टागेपेरा यांनी जगभरच्या साम्राज्यांची क्षेत्रफळं काळानुसार जमवली. त्यांच्या तक्त्यात मौर्य इ.स.पू. २५० च्या सुमारास ५० लाख चौरस किलोमीटर, मुघल १६९० च्या सुमारास ४० लाख, मराठे १७६० च्या सुमारास २५ लाख आहेत. नागपूरकरांचा मुलूख त्या २५ लाखांच्या आत येतो. उद्या मराठ्यांचं सगळं मॉडेल केलंत तर तो दुसऱ्यांदा मिळवू नका.

४. पहिली रेघ: नुसता चढ-उतार

वर्ष आडव्या अक्षावर, क्षेत्रफळ उभ्या अक्षावर. टागेपेरांची पद्धत सोपी आणि उपयोगाची आहे. सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाच्या २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पोचायला लागलेला काळ म्हणजे उदयाचा काळ. चढताना ५० टक्के ओलांडले तिथून उतरताना पुन्हा ५० टक्क्यांखाली गेले तिथपर्यंतचा काळ म्हणजे राज्याचं आयुष्य.

इंग्रजी एस अक्षरासारखी लॉजिस्टिक रेघ बसवायचा मोह होतो. चढाला बसवा हवी तर. त्या रेघेत २० ते ८० टक्क्यांचा काळ म्हणजे २.७७ भागिले वाढीचा दर, एवढं लक्षात ठेवलं की दर हातानं काढता येतो. उताराला मात्र बसवू नका. १७५१ पासून १८०३ पर्यंत सरळ तिरकी रेघ ओढणं हा नवख्यांचा आवडता उद्योग आहे. मुलूख दरवर्षी थोडा थोडा झिजत नव्हता, तहाच्या एका सहीनं गेला. १६ डिसेंबर १८०३ ला एक आकडा आणि १७ डिसेंबरला दुसरा. आलेखात पायरी दिसली पाहिजे, घसरगुंडी नाही.

५. मॉडेलचं इंजिन

आता लोकसंख्या आणि तिजोरी. हे टर्चिन यांच्या लोकसंख्या-महसूल मॉडेलचं मूळ रूप आहे. कल्पना शेतकऱ्याला चटकन कळेल अशी. माणसं कमी आणि जमीन भरपूर असते तेव्हा प्रत्येकाकडे खाऊन उरतं, त्यातलं सरकार घेतं. सरकार रस्ते, तळी, बंदोबस्त करतं म्हणून जमीन जास्त माणसं पोसू शकते. माणसं वाढतात. वाढता वाढता माणशी उरणारं कमी होतं, पण फौजेचा आणि दरबाराचा खर्च माणसांबरोबर वाढतच राहतो. एक दिवस जमा खर्चाखाली जाते.

चार स्तंभ करा: वर्ष, लोकसंख्या (ल), तिजोरी (त), जमिनीची क्षमता (क). सूत्रं तीनच.

क = १ + ३ × त ÷ (१० + त)
पुढच्या वर्षीचा ल = ल + ०.०२ × ल × (१ − ल ÷ क)
पुढच्या वर्षीची त = त + ल × (१ − ल ÷ क) − ०.२५ × ल

०.०२ हा वाढीचा दर आणि ०.२५ हा माणशी सरकारी खर्च. त्याला ख म्हणू. सुरुवात ल = ०.५, त = ०. इथला १ म्हणजे सरकार नसतानाची क्षमता. तो लाख किंवा कोटी नव्हे, निव्वळ प्रमाण आहे. दर, खर्च वगैरे आकडे सूत्रात न लिहिता वर वेगळ्या सेलमध्ये ठेवा आणि डॉलरचं चिन्ह लावून त्या सेलचा पत्ता पक्का करा. नाहीतर सूत्र खाली ओढताना पत्ताही खाली सरकतो आणि रिकाम्या सेलवर पोचला की खर्च शून्य होतो. राज्य भरभराटीला आल्यासारखं दिसतं, त्यामुळे चूक लवकर सापडत नाही.

पहिल्या ओळी जुळतात का बघा:

वर्ष ०: ल ०.५००, त ०.०००, क १.०००
वर्ष १: ल ०.५०५, त ०.१२५, क १.०३७
वर्ष २: ल ०.५१०, त ०.२५८, क १.०७५
वर्ष ३: ल ०.५१६, त ०.३९८, क १.११५

तिसऱ्या दशांशापर्यंत जुळलं की सूत्र ३०० ओळी खाली ओढा आणि आलेख काढा. तिजोरी १६० व्या वर्षाच्या आसपास शिखरावर येते, ५० च्या जरा खाली. लोकसंख्या मात्र त्यानंतरही जवळजवळ ७० वर्षं वाढत राहते आणि २३० च्या अलीकडे ३.१ ला टेकते. २५० पूर्ण व्हायच्या आत तिजोरी रिकामी.

या ७० वर्षांवर थोडं थांबा, मॉडेलमधली सगळ्यात मोलाची गोष्ट ती आहे. बाजार भरलेले, गावं वाढलेली, आणि खजिना मात्र दोन पिढ्यांपासून ओसरतो आहे. वळणाची जागा नेमकी काढता येते: ल ÷ क जेव्हा १ − ख होतो तेव्हा. ख ०.२५ असताना क्षमतेच्या ७५ टक्के माणसं झाली की तिजोरी फिरते. ख ०.३० केला की ७० टक्क्यांनाच. आणि ख ०.५ किंवा त्याहून जास्त ठेवलात तर पहिल्याच वर्षी हाती काही उरत नाही, राज्य उभंच राहत नाही.

आता इथे काय बिघडतं ते.

तिजोरी ऋण होऊ देऊ नका. तिच्या सूत्राला मॅक्स फंक्शनमध्ये गुंडाळून शून्याखाली जाणं बंद करा. नाहीतर त −२.५ ला पोचली की क शून्य होतो, त्याच्याही खाली गेली की क ऋण होतो आणि मेलेल्या राज्याची लोकसंख्या एकदम उसळी मारते. −१० ला भागाकारात शून्य येऊन शीट लाल होते. लाल झालेलं परवडलं, निदान कळतं तरी. उसळीला मात्र 'पुनरुत्थान' असं नाव देऊन लोक पानं लिहितात.

दुसरं, एकदा कोसळल्यावर हे मॉडेल पुन्हा उठत नाही. तिजोरी शून्य, क्षमता १, आणि लोकसंख्या वरून हळूहळू १ कडे येऊन थांबते. ही चूक नाही, रचनाच तशी आहे. पुन्हा चक्र हवं असेल तर तिसरा घटक लागतो, यादवीचा. दाटीबरोबर तो वाढतो, सरकार भक्कम असलं की दबतो आणि चालू झाला की माणसं कमी करतो. नागपुरात त्याचं उदाहरण तयार आहे. पहिल्या रघूजींना जानोजी, साबाजी, मुधोजी, बिंबाजी असे चार मुलगे आणि गादी एक. त्याचा शेवट पाचगावला झाला. पण पहिल्या फेरीत तिसरा घटक घालू नका. दोन घटकांचं मॉडेल कळल्याशिवाय तीनचं केलं की काय कशामुळे झालं ते सांगता येत नाही.

तिसरं, एका ओळीला एक वर्ष ठेवा. ओळी वाचवण्यासाठी दहा वर्षांची उडी घेतली तर पडझडीचा काळ वेडावाकडा येतो. शंका असेल तर अर्ध्या वर्षाची उडी घेऊन पाहा. शिखर दोन-तीन वर्षांहून जास्त हललं नाही तर ठीक.

६. मॉडेल नागपूरला लावा आणि ते कुठे चुकतं ते बघा

वर्ष ० म्हणजे १७४३ धरा. मग मॉडेल म्हणतं की भोसल्यांची तिजोरी १९०३ ला शिखरावर येईल आणि १९९१ च्या सुमारास रिकामी होईल. १८०३ म्हणजे ६० वी ओळ, तिथे तिजोरी जोरात भरत असते.

इथे बहुतेक जण ख ओढायला लागतात. ओढून बघाच एकदा. ख ०.२५ वरून ०.४२८ केला की शिखर थेट ६० व्या वर्षाच्या अलीकडे-पलीकडे येऊन बसतं, म्हणजे बरोबर १८०३. वाहवा! पण तिजोरी बघा: ४९ च्या जागी जेमतेम २. आणि असईची लढाई झालीच नसती तरी हे राज्य त्याच वर्षी वाकलं असतं, असं ते मॉडेल सांगतंय. रेघ बसली, कारण मात्र खोटं. एकच आकडा हलवून एकच तारीख जुळवणं म्हणजे काहीच सिद्ध न करणं.

प्रामाणिक वाट अशी. ख ०.२५ च्या आसपासच ठेवा आणि बाहेरचे धक्के वेगळ्या स्तंभात द्या. ६० व्या ओळीत ल ला उरलेल्या मुलुखाच्या प्रमाणानं गुणा (तुमच्या नकाशावरून समजा ०.७ निघालं तर ०.७ नं) आणि त्या ओळीपासून क चं अख्खं सूत्रही त्याच प्रमाणानं गुणा. ७३ व्या ओळीत, १८१६ ला, तैनाती फौजेसाठी ख वाढवा. प्रत्येक धक्क्याला तुमच्या घटनांच्या तक्त्यातली एक 'पक्कं' लिहिलेली ओळ असली पाहिजे. नसेल तर तो धक्का काढा.

मग धक्क्यांसह आणि धक्क्यांशिवाय असे दोन आलेख शेजारी ठेवा. दोन्हींत जो फरक दिसतो तेवढा भाग बाहेरच्या आघातांचा, उरलेला आतल्या गतीचा. तुमच्या आकड्यांनी हा वाटा कितीही येवो, तो सांगताना ख, वाढीचा दर आणि क च्या सूत्रातली ३ ही संख्या प्रत्येकी १० टक्के वर-खाली करून निकाल किती हलतो ते जोडीनं द्या. तो पल्ला दिला नाही तर वाचणारा आकड्याला तहाच्या तारखेइतकंच पक्कं समजतो.

माणसांचं काय, हा प्रश्न नागपुरात हमखास येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या मारबतीचा संबंध दुसऱ्या रघूजींची राणी बांकाबाई हिच्याशी जोडला जातो, इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून. लोकांच्या आठवणीत पडझडीला एक चेहरा असतो. आपल्या शीटमध्ये बांकाबाईचा स्तंभ नाही आणि नसावा. एका माणसाचा निर्णय हा धक्का म्हणून टाकायचा असेल तर त्याचा मुलूख, पैसा किंवा फौजेवर झालेला परिणाम आकड्यात दाखवता आला पाहिजे. दाखवता येत नाही म्हणून तो झालाच नाही असं मात्र समजू नका.

चार पिढ्यांच्या नियमाचाही असाच मोह होतो. पहिले रघूजी, मग जानोजी-मुधोजी, मग दुसरे रघूजी, मग परसोजी: चौथ्या पिढीत राज्य गेलं, इब्न खल्दून बरोबर! एका उदाहरणावर नियम जुळणं फार स्वस्त असतं. शिंदे, होळकर, गायकवाड यांनाही तोच नियम लावा आणि किती टिकतो ते मोजा.

७. चक्राविरुद्ध नाणेफेक

शेवटची चाचणी बरेच जण टाळतात. सॅम्युअल आर्ब्समन यांनी २०११ मध्ये टागेपेरांच्या माहितीतली ४१ साम्राज्यं घेऊन त्यांची आयुष्यं पाहिली. सरासरी साधारण २२० वर्षं निघाली, आणि आयुष्यांची वाटणी अशी की जुनं झालं म्हणून साम्राज्य पडण्याची शक्यता वाढत नाही. कुठल्याही दशकात पडण्याची शक्यता सारखीच, हिशेबानं साडेचार टक्क्यांच्या आसपास.

नागपूरचं राज्य हे त्या अर्थानं साम्राज्य नाही, म्हणून ही तुलना सैल हातानं करा. तरी करा. या नाणेफेकीच्या हिशेबानं ११० वर्षं (गादी धरून, १८५३ पर्यंत) किंवा त्याहून जास्त टिकण्याची शक्यता सुमारे ६० टक्के येते. म्हणजे ११० वर्षांत काहीच विशेष नाही. तुमचं दोन स्तंभांचं, धक्क्यांचं मॉडेल या नाणेफेकीपेक्षा जास्त काय सांगतं, ते लिहून काढा. 'शेवटची तारीख बरोबर आली' हे उत्तर चालणार नाही, ती तुम्हीच धक्का म्हणून घातली होती. '१८०३ च्या आधीची २० वर्षं तिजोरी चढती असायला हवी होती' हे उत्तर चालेल, कारण ते रेसिडेन्सीच्या कागदांत जाऊन तपासता येतं. दुसऱ्या रघूजींच्या काळातला वसूल आणि फौजेची थकबाकी शोधा. चढती निघाली तर मॉडेल एक पाऊल पुढे. उतरती निघाली तर ख बद्दलचा तुमचा अंदाज चुकला, आणि पाचव्या पायरीला परत जा.

फाइल जपताना नावात तारीख घाला, प्रत्येक मोठ्या बदलाची वेगळी प्रत ठेवा आणि घटनांचा तक्ता मॉडेलच्या शीटपासून वेगळ्या पानावर असू द्या. सूत्रं बदलतील, तक्ता बदलायचा तो फक्त नवा कागद हाती आल्यावर.